इस्त्रीची उरलेली ऊब

मोबाईल नवे होते, तेव्हा मी हैदराबादेत त्यांच्यासाठी एक सर्किट बनवत होतो. बॅटरीतल्या विजेचा दाब उतरवून चिपला पुरवायचा, एवढंच त्याचं काम. घराण्यातला पहिला पदवीधर मी, त्यामुळे मान ताठ. पण फोन नुसता खिशात ठेवला तरी संध्याकाळपर्यंत बॅटरी संपायची. "सोमवारपर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्याला देतो," असं साहेबांनी बजावलं होतं.

रविवारी विद्यानगरच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे शर्ट घेऊन गेलो. तो ओलं बोट इस्त्रीला लावायचा, चर्र झालं की प्लग उपटायचा आणि तशाच इस्त्रीनं रुमाल उरकायचा. मला राहवलं नाही. सारखा प्लग काढू नये, यावर मी त्याला व्याख्यानच दिलं.

त्यानं समोरचा रुमाल उचलून दाखवला. "पँट कू फुल करंट होना, साब. ये दस्ती कू कायकू? बची हुई गरमी में हो जाती ना! ठंडी पडी तो फिर लगाना. कॉलेज में ये नै सिखाए?"

माझं सर्किट झोपलेल्या फोनसाठीही अखंड राबत होतं! शर्ट तिथंच टाकून ऑफिस गाठलं. फोन निजला की सर्किटही थांबेल, साठलेल्या विजेवर भागवेल आणि ती ओसरली की क्षणभर जागं होईल, अशी सोय केली. सोमवारी संध्याकाळी फोन जिवंत होता.

"कुठं वाचलंस हे?" साहेबांनी विचारलं.

"एका परदेशी पुस्तकात, सर."

खरं सांगायची लाज वाटली. आणि सांगणार तरी काय? दोन वर्षं त्याच्याकडे कपडे देत होतो, पण त्याचं नाव कधी विचारलंच नव्हतं.