अण्णांचा लाल ठिपका

"अण्णा गेले," फोनवर त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, आणि मी म्हणालो, "बरं झालं…" पुढचं "कळवलंत ते" तोंडात असतानाच लाइन तुटली. महिना उलटला, तरी आठवलं की घाम फुटतो. पण खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या वाक्यात बरीच वर्षं साठवलेलं काहीतरी होतंच.

कागलचे बसवअण्णा आमच्या फाउंड्रीच्या लॅबमधली उपकरणं सांभाळायचे, मी कॉम्प्युटर. लोखंडाचा नमुना ओढून तोडायचं मशीन होतं; ते कॉम्प्युटरला जोडून आकडे थेट पडद्यावर आणायचे ठरलं. केबल मी केली. दोन दिवस पडदा कोरा. तिसऱ्या दिवशी अण्णांनी प्लग उघडला आणि मालकांसमोर म्हणाले, "पावणं, तोंडाला तोंड बांधलंय की. ऐकणार कोण?" एकाची पाठवायची तार दुसऱ्याच्या घ्यायच्या पिनेवर जायला हवी, एवढंच, मी दोन्ही सरळ जोडल्या होत्या. अण्णांनी तारांची अदलाबदल केली, आकडे धडाधड आले. मी जन्मलो कोल्हापुरातच, राजारामपुरीत, पण त्या दिवसापासून वॉचमनसुद्धा मला 'पावणं' म्हणू लागला.

सूड घ्यायचा, हे मी घरी जाता जाताच ठरवलं. आठ महिने थांबलो. मशीनच्या पाठीमागे वेग ठरवायचे बारके स्विच होते. मशीन आणि कॉम्प्युटर यांचा वेग एक नसला, तर आकड्यांऐवजी पडद्यावर नुसता कचरा येतो. पुण्याहून तपासनीस येणार होते, त्या सकाळी अंधारात चाचपडत मी एक स्विच सरकवला. अण्णांची चारचौघांत फजिती व्हावी आणि मी दोन मिनिटांत ते नीट करून दाखवावं, असा बेत.

अण्णांची एक सवय मात्र विसरलो. स्विच असो की स्क्रू, एकदा बसवला की त्यावर ते लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. कुणी हात लावला तर कळावं म्हणून. बायकोची बाटली कायम खिशात. त्या दिवशी तपासनीस येणार म्हणून ठिपकाही नुकताच दिलेला, ओला…

कचरा आला. अण्णांनी शांतपणे मशीनवरची काट्याची तबकडी वाचून आकडे पेन्सिलीनं लिहून दिले. मी ऐटीत पुढे सरसावलो. अण्णांनी मागे वाकून स्विच पाहिला, मग माझा अंगठा. एक शब्द बोलले असते तर माझी नोकरी गेली असती. सगळे गेल्यावर एवढंच म्हणाले, "अंगठा पुसा, पावणं. आमच्या हिचा रंग हाय."

रंग काही लगेच निघाला नाही. त्या आठवड्यात घरी बायकोही धड बोलेना. मला वाटलं, अण्णांनी घरी फोन करून सांगितलं. तर नाही. त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही, आणि हीच त्यांची खरी दुष्टाई. पुढं कायम, मी जरा चढ्या आवाजात बोललो की ते नुसता खिसा चाचपायचे. त्यांच्या निरोप समारंभात आपणच सगळं सांगून टाकायचं आणि त्यांचं हत्यार काढून घ्यायचं, असं भाषण मी पाठ करून ठेवलं होतं. निवृत्तीला चार महिने उरले असताना हा माणूस निघून गेला. हा काय डाव झाला?

बायकोला घेऊन कागलला भेटायला गेलो. फोटोपुढं त्यांचा चष्मा, आणि शेजारी तळाला गेलेली ती लाल बाटली. माझी मान आपोआप खाली गेली.

परतताना एसटीत, पाठ केलेलं ते भाषण मी शेवटी बायकोलाच ऐकवलं. तिनं माझा अंगठा धरून उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे ते नेलपॉलिश अण्णांचं होतं? मग इतकी वर्षं मी मनातल्या मनात जिला शिव्या घालत आले, ती कोण?"