पहिला भाग शेवटी

मी एकदा माझ्या सासऱ्यांच्या हातातून, ते वाचत असताना, पुस्तक काढून घेतलं होतं.

लग्न होऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. डोक्यावर पदर, नजर खाली, बोलणं हळू, सगळं अगदी शिकवून पाठवल्यासारखं. आणि त्या पदराआडून सासऱ्यांच्या हातातलं पुस्तक ओढायचं धाडस. पुस्तक वाईट होतं असंही नाही. उलट फार चांगलं होतं. माझं म्हणणं एवढंच होतं, की ते सातवा भाग वाचत होते आणि पहिला अजून त्यांचा संपला नव्हता.

मालिकेचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लोक लगेच पहिला भाग शोधायला जातात, आणि नेमकं तेच मला टाळायचंय. एवढं सांगते, की ती एका अशा गावाची गोष्ट आहे जिथं एक गल्ली दर अमावास्येला जागा बदलते, त्यामुळं पोस्टमन कायम रडकुंडीला आलेला असतो. तिथं एक राक्षस कचेरीत कारकून आहे. एक मांत्रिक आहे, त्याचे मंत्र फक्त मंगळवारी लागू पडतात. एक राणी चुकून शेळी झाली, आणि आता तिला परत माणूस करायला निघालं की ती पळून जाते. दर दिवाळीला एक भाग यायचा. एकोणतीस झाले आणि लेखक थांबला. माझ्या लग्नात अकरा होते, आणि ते अकराही मी निपाणीहून ट्रंकेत घालून वडगावला आणले होते.

नव्या सुनेची ट्रंक उघडायला गल्लीतल्या बायका जमल्या. वर दोन साड्या, खाली पुस्तकं. एक म्हातारी म्हणाली, "बरं झालं. साड्या आमीच विणतोय, तेवढी भर नको हुती." तिनं मला सांभाळून घेतलं हे मला कळलं नाही. मला वाटलं, वाचनाची कदर असलेलं घर मिळालं.

घर विणकरांचं होतं. पुढच्या खोलीत दोन पावरलूम, मागं स्वयंपाक, वर माळा. माग चालू असले की घरात बोलणं म्हणजे ओरडणं. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, तीस वर्षं त्या खडखडाटात काढली, आणि शेवटी त्यांचे कान गेले. थोडं थोडं करत गेले, पण मी आले तोवर पुरते गेले होते. माग आता आमचे हे चालवत. मामंजींशी काही बोलायचं तर पाटी आणि खडू. पाटी त्यांच्या खाटेला सुतळीनं बांधलेली असायची.

हा माणूस एके काळी गल्लीतला सगळ्यात मोठा गप्पिष्ट होता म्हणे. त्यांच्या नकला बघायला शहापुरातनं माणसं सायकलवर यायची. कान गेल्यावर त्यांनी बोलणंच कमी केलं. जेवताना आम्ही कशावर तरी हसायचो. ते सगळ्यांच्या तोंडाकडं बघायचे आणि जरा उशिरा हसायचे. मग विचारायचे, "काय झालं?" एवढा मोठा विनोद पाटीवर कोण लिहिणार? कुणीतरी लिहायचं, "काही नाही." ते मान हलवायचे आणि भाकरीचा तुकडा मोडायचे.

ते "काही नाही" मी स्वतः दोनदा लिहिलंय. तिसऱ्यांदा हात थांबला. मनात आलं, यांना वाचता येतं. वाचायला कान लागत नाहीत. माझ्या ट्रंकेत हसायचं एवढं सामान पडलंय, ते यांना दिलं तर हा माणूस परत पंगतीत येईल. हे माझ्या आयुष्यातल्या बऱ्या विचारांपैकी एक. त्याचं वाटोळं कसं केलं तेही ऐका.

मी त्यांना पहिला भाग दिला.

आता पहिल्या भागाविषयी खरं बोलते, वय झालंय, कुणाला भ्यायचं कारण नाही. लेखकानं तो विशीत लिहिलाय आणि विशीतल्या माणसासारखाच लिहिलाय. सुरुवातीला चौदा पानं वंशावळ. सात राजे, त्यांच्या राण्या, राण्यांचे भाऊ. मग एक लढाई. राक्षस येतो तो एकशे तिसाव्या पानावर, आणि तोही तेव्हा खराच राक्षस असतो, गर्जना वगैरे करतो. कारकून व्हायला त्याला अजून तीन भाग आहेत. मला हे खटकलं नव्हतं, कारण मी ते बारा वर्षांची असताना वाचलं. पुढचा भाग यायला वर्ष लागायचं, त्यामुळं वंशावळसुद्धा पाठ करून झाली होती. त्या पाठांतराचा मला गर्व होता. गर्वाला दुसरं काही नव्हतंच माझ्याकडं.

मामंजी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचायचे. आणि मी काय करावं? दुपारी भांडी घासून झाली की पाटीवर प्रश्न लिहायची. "तिसऱ्या राजाच्या धाकट्या मेहुण्याचं नाव काय?" ते बिचारे आठवून सांगायचे. चुकलं की मी मान हलवून बरोबर नाव लिहायची. तेवीस वर्षांची मास्तरीण आणि साठीचा विद्यार्थी. आज मला ती पोरगी भेटली तर तिच्या हातातला खडू काढून घेईन आणि तिला धुणं धुवायला पाठवीन.

तीन आठवड्यांत ते चाळिसाव्या पानावर पोचले होते. अशात एक दिवस मी बाजारातनं आले तर मामंजी खाटेवर आडवे, आणि तोंडासमोर सातवा भाग. माझ्या ट्रंकेतनं त्यांनी आपला आपण काढला होता. चित्र बघून काढला असणार. मुखपृष्ठावर राक्षस खुर्चीत बसून फायलीवर शिक्का मारतोय. नवव्या पानावर होते. बोट ओळीखाली नव्हतं. आणि त्यांचे खांदे हलले, एकदाच, हसू आत दाबल्यासारखे.

मी ते बघितलं. हे सांगणं मला भाग आहे. मी ते हसू बघितलं, आणि तरी पुढं होऊन पुस्तक त्यांच्या हातातनं काढलं, पहिला भाग हातात दिला आणि पाटीवर लिहिलं, "आधी पहिला."

त्यांनी पहिला भाग मांडीवर ठेवला. चष्मा काढून धोतराला पुसला. परत लावला.

आत्याबाई, माझ्या सासूबाई, दारात उभ्या होत्या. त्या माझ्याशी कधी वरच्या आवाजात बोलायच्या नाहीत, मागाच्या वरताण ओरडून त्यांची हौस भागलेली असायची. त्या हळूच म्हणाल्या, "पुस्तक हाय का औषधाची बाटली गं? पयला डोस संपल्याबिगर दुसरा द्यायचा न्हाय?"

मी म्हटलं, "आत्याबाई, मधनंच वाचलं तर काय कळणार न्हाय त्यांना."

"मी ह्या घरात लगीन करून आले तवा मला तरी काय कळत हुतं? मधनंच आलते."

मला ते उत्तर उर्मट वाटलं. किती शहाणं होतं ते कळायला मला बरेच दिवस लागले.

मामंजींनी पुस्तक सोडलं नाही, हे त्याहून वाईट. रोज उघडायचे. बोट ओळीखाली, नजर मागाकडं. पान चाळीसच. आठ दिवसांनी मला राहवलं नाही, मी सातवा भाग आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उचलून माझ्या हातात परत दिला. "न्हाय. आधी पयला. तूच सांगितलंस." टोमणा नव्हता. माणूस खरंच तसं समजून चालला होता, की शिकलेली सून म्हणते तर तसंच असणार, आणि आपल्याला जमत नाही तर आपलंच डोकं कमी. पुढं त्यांनी पुस्तक कोनाड्यात ठेवलं आणि पाटीवरचे माझे जुने प्रश्न ओल्या फडक्यानं पुसून टाकले. जेवताना आता ते "काय झालं?" असंही विचारेनात.

मग एका मागावरचा ताणा संपला. ताणा म्हणजे साडीचे उभे धागे. हे हजारो धागे संपत आले की नवे सांधायचे असतात. ते काम बसून करायचं, बोटांचं, आणि त्या कामात मामंजींचा हात धरणारं कुणी नव्हतं. बोटांना राख लावायची, जुन्या धाग्याचं टोक आणि नव्याचं टोक जुळवून चिमटीत पीळ द्यायचा, की झाला एक सांधा. असे दोन-तीन दिवस. मला त्यांच्यासमोर धागे वेगळे करून द्यायला बसवलं. माझा वेग बघून आमचे हे म्हणाले, "दिवाळीपतूर हुईल." पण मामंजी मला सांभाळून घेत होते.

कंटाळून मी राखेच्या बोटांनी पाटीवर लिहिलं, "जुनं सगळं काढून टाकून पहिल्यापासून का नाही भरत?"

ते वाचून मामंजी पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले. "खुळी का काय तू? रिकामा माग भरायचा म्हंजे एकेक धागा परत फणीतनं ओवत बसायचं. कोण करतंय? हितं जुनं टोक हाय, त्याला नवं बांधायचं, आणि वढून घ्यायचं फुडं. ह्यो माग माझ्या बाऽच्या येळंला भरलाय. तवापासनं नुसतं सांधतोयच. त्यो पयला ताणा कसा हुता, मी बगितला न्हाय. तरी साड्या झाल्याच की."

माझ्या हातातले धागे गुंतले, ते त्यांनीच सोडवले.

संध्याकाळी हात धुऊन मी पाटी घेतली. वंशावळ पाठ असलेल्या बाईला चारच ओळी लिहायला अर्धा तास लागला, कारण काय गाळायचं हे मी आयुष्यात कधी ठरवलं नव्हतं. शेवटी लिहिलं:

"राक्षस आता कचेरीत कारकून आहे. शेळी म्हणजे राणी. मांत्रिकाचं मंगळवारीच चालतं. राक्षसानं मांस सोडलंय, हे घरी माहीत नाही."

त्याखाली लिहिलं, "माझं चुकलं. इथं सांधा." आणि पाटीवर सातवा भाग ठेवला.

मामंजींनी बराच वेळ पाटी वाचली. "चारच?"

मी चार बोटं दाखवली.

सातव्या भागात राक्षसाची आई जंगलातनं येते, लेकासाठी मुलगी बघायला. मुलगी चांगल्या घरची पाहिजे, सुळे मजबूत पाहिजेत. आणि लेक तिच्यापासून डब्यातली भेंडीची भाजी लपवत फिरतो. दुसऱ्या दिवशी दुपारी माग चालू असताना त्या खडखडाटावर एक आवाज आला. आत्याबाई पीठ भरल्या हातानं धावत आल्या, त्यांना वाटलं पट्टा तुटला. मामंजी हसत होते. स्वतःचा आवाज ऐकू येत नसलेला माणूस किती मोठ्यानं हसतो, हे मी तोवर बघितलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना त्यांनी राक्षसाची आई करून दाखवली. पदर म्हणून खांद्यावर टॉवेल घेतला, माझ्यासमोर येऊन हनुवटी धरली आणि म्हणाले, "आ कर गं, दात बगू." आमच्या ह्यांना ठसका लागला. मामंजी सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते, पण आता उशीर कुणाला होत असेल तर आम्हाला.

हल्ली मला फोनवर विचारणा होते. नातीची एक मैत्रीण जवळच मच्छे गावात कारखान्यात कामाला आहे, तिनं परवा कसला तरी तक्ता पाठवला. एकोणतीस चौकोन, त्यांच्यातनं बाण गेलेले, निळे, तांबडे. "आज्जी, ह्यातनं कुठनं सुरू करू?" जांबोटीच्या रानात सोडलं तरी माणूस एवढा गोंधळणार नाही. मी तिला सांगितलं, तक्ता पुसून टाक. घरात सासू असेल तर सातवा घे. भुतं आवडत असतील तर पाचवा, भुतांचा संप आहे त्यात. कामावर साहेब छळत असेल तर दहावा. काही कळलं नाही तर मला विचार, मी चार ओळी सांगीन, पाचवी सांगणार नाही. आणि पहिला अगदी शेवटी, लेखकावर माया जडल्यावर. तेव्हा तोही गोड लागतो, जसा आपल्या माणसाचा शाळेतला फोटो.

हे शेवटचं मामंजींकडनंच शिकले. सातव्यानंतर त्यांनी आठवा वाचला, मग पाचवा, मग जसे हाताला लागतील तसे सगळे. मी एकदाही काही लिहिलं नाही पाटीवर. शेवटी एके दिवशी त्यांनी आपणहून कोनाड्यातला पहिला काढला आणि चार दिवसांत संपवला, वंशावळीसकट. मी बाजूला शेंगा फोडत होते. मनात भीती होती, आता हे माझ्या परीक्षेबद्दल काहीतरी बोलणार. त्यांनी पुस्तक मिटलं, माझ्यासमोरच्या सुपातले चार दाणे तोंडात टाकले, आणि म्हणाले,

"पोरी, ह्या लिवणाऱ्या बाबालासुदीक सात पुस्तकं हुईपतूर नीट हसवाय येत न्हवतं. तू तर ह्या घरात यिऊन दीडच वरीस झालंय."