भीमाकाठची ‘थोर शास्त्रज्ञ’ आणि अडलेले अणू

वडगाव रासाईच्या शाळेत व्याख्यान दे, असा मामाचा तिसरा फोन आला तेव्हा हो म्हणावंच लागलं. चौथीपर्यंत मला आईनं घरीच शिकवलं. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणायचं नाही, हा तिचा नियम. म्हणून निघतानाच ठरवलं, जेवढं झालंय तेवढंच सांगायचं.

पुण्याहून सकाळची शिरूर एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट. रांजणगावला शिफ्ट सुटायची वेळ मात्र टाळा. कंपन्यांच्या बस आणि दुचाक्या एकाच फटीतून घुसू पाहतात. माझं कामही तसंच आहे: अतिथंड अणूंचे दोन ढग, मध्ये लेझरनं आखलेली अरुंद वाट, आणि अणू पलीकडे कसे वाहतात ते मोजायचं. त्यावरून बारीक तारेतल्या विजेच्या कणांचं वागणं कळतं. वाट रुंदावली की प्रवाह पायरीपायरीनं वाढतो. म्हणजे इतरांच्या प्रयोगशाळांत. आमच्याकडे अजून एकही अणू पलीकडे गेलेला नाही.

शिरूर स्टँडवरची मिसळ झकास, पण दही मागून घ्या.

वडगावच्या वेशीवर फ्लेक्स होता: ‘अणूंना वाहायला लावणाऱ्या थोर शास्त्रज्ञ डॉ.’, पुढे माझं नाव. डॉक्टरेटला अजून दोन वर्षं आहेत. मामाला सांगितलं, तर म्हणाला, “लोकं वाचत न्हाईत गं, फोटो बघत्यात.”

आधी सत्कार. स्टेजला जिना एकच, अरुंद. चढणारे आणि उतरणारे दोन माजी सरपंच मध्येच समोरासमोर आले. मागे कुणी सरेना. एकेक शाल, एकेक नारळ करत व्याख्यानाला दहा मिनिटं उरली. त्यातली पहिली दोन मी फ्लेक्स चुकीचा आहे हे सांगण्यात घालवली. मी डॉक्टर नाही आणि अणू गेलेले नाहीत. मामा हातातल्या नारळाकडे बघत राहिला.

पुढच्या रांगेतले एक आबा म्हणाले, “मंग केलं काय, पोरी?”

“वाट तयार केलीय, आबा. अडलंय कुठं ते शोधतेय.”

“म्हंजी चारी खोदली, पानी यायचंय. आमची बी कवाची खोदलीय. तू निदान सांगितलंस तरी.”

भीमा ओलांडून खुटबावला मावशीकडे पिठलं-भाकरी खाल्ली, मग दौंडहून येणाऱ्या गाडीनं पुणे.

घरी पोचल्यावर मामानं पाठवलेला फोटो आला. फ्लेक्सवर ‘डॉ.’च्या आधी एका माजी सरपंचाच्या जुन्या फ्लेक्सवरून कापलेली पट्टी चिकटवली होती: ‘भावी’. खाली लिहिलं होतं, “आता तर खोटं न्हाई ना?”

‘डॉ.’पुरतं तरी नव्हतं. पण पट्टीचा मूळ मालक मी शाळेत होते तेव्हापासून भावी आमदार आहे. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सत्काराची शाल घेऊन मी प्रयोगशाळेत गेले. तिथला एसी फार आहे.