पितांबरी रंगाची गाडी

जगातली कुठलीही वस्तू मुळात गणपतीच असते आणि तिची डागडुजी त्याच भक्तिभावानं, त्याच सामानानं करायची असते, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. आमच्या हिचे मामा. पेणला त्यांचा मूर्तींचा कारखाना होता. घरात काहीही फुटलं, चिरलं, भोक पडलं की मामा उठायचे, प्लास्टर कालवायचे, त्यात काथ्या घालायचे आणि लिंपून मोकळे व्हायचे. मोरीतली गळकी बादली त्यांनी अशीच बुजवली आणि वर कमळं रंगवली. ती इतकी देखणी झाली की तिच्यात पाणी भरायला कुणी धजेना. त्यामुळे ती गळायची बंद झाली, असं मामा छातीठोकपणे सांगत. एकदा त्यांची दाढ किडली, तेव्हा आरशासमोर आ वासून, बोटावर थोडंसं प्लास्टर घेऊन उभे असलेले मामा मामींना वेळेवर दिसले म्हणून त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेता आलं.

माणसांकडेही ते त्याच नजरेनं बघत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळे माझ्या नोकरीची चौकशी करत होते आणि मामा मान तिरकी करून, एक डोळा मिटून माझ्या चेहऱ्याचं माप घेत होते. शेवटी त्यांनी निकाल दिला. "साचा चांगला हाय. फिनिशिंग मारलं नाय कोणी, पण ते होईल." लग्नाला इतकी वर्षं झाली तरी भेटलो की ते माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवत आणि "अजून जरा घासायला पायजे, जावईबापू" म्हणत. राग यायचा, पण हनुवटीवरची ती बोटं इतकी हलकी असत की राग टिकत नसे.

तर अशा माणसाच्या हाती गाडी लागली. साधी गाडी असती तर मी लिहीत बसलो नसतो. रोह्याला कारखाने यायला लागले त्या काळात कुणी एक हौशी साहेब आपल्याबरोबर एक विलायती गाडी घेऊन आला होता. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची, शर्यतीत पळायला बनवलेली. साहेबाची बदली झाली, गाडी मागे राहिली आणि फिरत फिरत एका भातगिरणीच्या पडवीत येऊन पडली. मामींचं माहेर त्या गिरणीच्या शेजारीच. दर भावबीजेला मामा सासरी जात, जेवत, आणि सुपारी चघळत त्या गाडीसमोर जाऊन उभे राहत. तिच्यावर कोंड्याच्या गोण्या रचलेल्या असत, आत कोंबड्या अंडी घालत, आणि पत्रा असा सडलेला की दाराला बोट लावलं तर बोट आत जाई. बाकीच्यांना भंगार दिसे, मामांना मूर्ती दिसे. गिरणीवाल्यानं ती अखेर मामांना दिली, ती एका अटीवर. मामांचे हात चालतील तोवर गिरणीवाल्याच्या घरचा गणपती दरवर्षी मामांकडून. मामांनी गाडीला चारी बाजूंनी पेंढा लावला, गोणपाटात गुंडाळली आणि टेम्पोतून पेणला आणली. रस्त्यात दोन ठिकाणी लोकांनी "यंदा लवकर निघाली का मूर्ती?" म्हणून विचारलं म्हणे.

इंजिनाचं काम त्यांनी गडब गावच्या एका मिस्त्रीकडे सोपवलं. मिस्त्री एरवी ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप बघायचा. त्यानं इंजिन उतरवलं, उंदरांचं बिऱ्हाड हलवलं, कार्बोरेटर उकळला, आणि कुठून कुठून जुने भाग जमवत वर्षा-दोन वर्षांत गाडी बोलती केली. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा तिनं असा काही आवाज काढला की हायवेवरची चहाची टपरी रिकामी झाली. "इंजिन पळेल, मामा," मिस्त्री म्हणाला, "पण पत्रा सडलाय. कापून नवा टाका. वेल्डिंग करून देतो." मामांचा चेहराच पडला. "ठिगळ? पेणच्या माणसाच्या गाडीला ठिगळ? लोक काय म्हणतील?" त्यांनी गाडी तिथून तडक कारखान्यात आणली.

मी तेव्हा पेणलाच राहत होतो, त्यामुळे पुढचं काम रोज संध्याकाळी बघत होतो. मूर्ती वाळत ठेवतात त्या फळ्यांच्या मधोमध गाडी उभी होती आणि मामा तिला घडवत होते. दारं, मडगार्ड, खालची फरशी, जिथं जिथं पत्रा नव्हता तिथं तिथं काथ्या आणि प्लास्टर. वरून पॉलिश पेपर. गाडीच्या अंगावरून ते डोळे मिटून तळवा फिरवत आणि मला कधी दिसलाही नसता असा उंचवटा शोधून काढत. रंगाचा विचार महिनाभर चालला आणि शेवटी त्यांनी तिला पितांबराचा पिवळा दिला. कडांना सोनेरी रेघ. मडगार्डच्या फुगवट्यावर, आपण गणपतीच्या गालावर देतो तशी, किंचित गुलाबी झाक. पुढचे दिवे मात्र बसवेनात. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी, हा त्यांच्या घराण्याचा नेम. तोवर दिव्यांच्या भोकांवर वर्तमानपत्र चिकटवलेलं. मामी हे सगळं दारातून बघत. "आता एवढा एक मोदक ठेवा तिच्यापुढं," त्या म्हणत. "पंचवीस वर्सं माझ्या चुलीची भिंत लिंपताय, तिला नाय कधी गुलाबी झाक दिली."

हे असंच निवांत आणखी चार वर्षं चाललं असतं. पण त्या वर्षी मामींच्या दादानं रोह्याचं घर सोडायचं ठरवलं. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, वय झालेला, एकटा. मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. दिवाळी झाली की घर बंद, म्हणजे मामींचं माहेर बंद. दादा दर भावबीजेला मामांची फिरकी घेत. "काय भावोजी, पळाली का गाडी?" ह्या खेपेला गणपतीत पेणला आले तेव्हा त्यांनी ती घेतली नाही. जाताना मामांचा हात धरून एवढंच म्हणाले, "एकदा आमच्या बायला तिच्यातून माहेरी घेऊन या. मी तिथं हाय तोवर." दुसऱ्या दिवसापासून मामांची काम करतानाची गाणी बंद झाली आणि कारखान्यातला दिवा रात्री उशिरापर्यंत जळू लागला.

भावबीजेच्या आदल्या दिवशी दिवे बसले. सकाळी आम्ही निघालो. मामा गाडी चालवायला, मामी ओवाळणीचं ताट मांडीवर घेऊन शेजारी, आणि मागं, जिथं ती गाडी बनवणाऱ्यानं फार तर एखादी छत्री ठेवायची सोय केली असावी, तिथं मी. माझे गुडघे माझ्या कानांशी होते. मामी एसटीनं जाऊ म्हणून सकाळपासून सांगत होत्या. ओवाळून घेतल्याशिवाय दादा पाण्याचा घोट घेत नसत आणि त्यांना गोळ्या असत, हे मामींच्या जिवाला लागलेलं. "दहाला पोचवतो तुला," मामा म्हणाले.

आणि खरं सांगतो, वडखळपर्यंत ती गाडी पळाली. एक एसटी आम्ही अशी मागं टाकली की तिचा कंडक्टर खिडकीतून अर्धा बाहेर आला. मामींनी एका हातानं ताट आणि दुसऱ्या हातानं अंबाडा धरला होता. "हळू, अहो हळू!" म्हणत होत्या, पण हसत होत्या. मामांचं मला फक्त मागून डोकं दिसत होतं. तेही खुशीत होतं.

गडब मागं पडलं आणि खड्डे सुरू झाले. पहिल्या मोठ्या खड्ड्यात खाड् असा आवाज आला. मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही. खड्ड्यांमुळे गाडी आता बैलगाडीच्या चालीनं जात होती, तेवढ्यात एक सायकलवाला जिवाच्या आकांतानं मागून आला. त्यानं पायातल्या चपला काढल्या, दोन्ही हातांत धरलेला पिवळा, सोनेरी काठाचा तुकडा कपाळाला लावला आणि म्हणाला, "मामा, मूर्ती दुखावली काय हो तुमची? पितांबर पडला रस्त्यात." मामांनी तो डावा मडगार्ड त्याच्याकडून घेतला आणि गंभीरपणे माझ्या मांडीवर ठेवला. नागोठण्यापर्यंत माझ्या मांडीवर बरंच काही जमलं होतं.

भिसे खिंडीच्या चढावर गाडीनं हात टेकले. इतकं प्लास्टर अंगावर घेऊन चढायला ती काही बनलेली नव्हती. इंजिन तापलं, आणि मागचं प्लास्टर तडकून टायरावर बसलं. रबर जळाल्याचा वास आला आणि आम्ही थांबलो. मागून एसटी आली, ती दिवाळीच्या माणसांनी इतकी भरली होती की थांबलीच नाही. मामींनी उन्हाकडे बघितलं. मग ताटावर पदर धरला.

मामा गाडीभोवती एक फेरी घालून आले. चाक खोलायचा मोठा पाना त्यांनी काढला आणि मला म्हणाले, "जावईबापू, उतरा. सगळं काढायला लागंल."

"सगळं म्हंजे?" मामींनी विचारलं.

"परत पत्र्यापर्यंत. वजन उतरलं की चढेल."

आणि इतकी वर्षं त्या गाडीला नावं ठेवणाऱ्या मामी ताट घेऊन मधे उभ्या राहिल्या. "नको हो. चालत जाऊ आपण. टेम्पो मिळेल एखादा. पण मोडू नका. केवढं रंगवलंय तुम्ही."

"दादा पाण्याशिवाय बसला असंल गो."

"बसंल बसंल! त्याला सवय हाय."

"नाय," मामा म्हणाले. "बाजूला हो."

त्यांनी चपला काढल्या. विसर्जनाच्या आधी उत्तरपूजा झाली की मूर्ती जागेवरून जराशी हलवतात. तेवढं केलं की देव गेला, उरली माती, मग पाण्यात सोडायला हरकत नाही. मामांनी बॉनेटवर दोन्ही हात ठेवले, गाडी बोटभर मागं ढकलली, नमस्कार केला, आणि मग पाना उचलला. मडगार्ड, दारं, गुलाबी झाक, सोनेरी रेघ, सगळं फोडलं. जन्मभर ज्या माणसानं मूर्तीचं बोट तुटलं तर जेवण सोडलं, तो भर रस्त्यात आपल्या हातचं काम फोडत होता आणि पांढऱ्या धुळीनं त्याच्या पापण्या भरल्या होत्या. मामी पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. मला बघवेना, म्हणून मीही एक दगड घेतला आणि फरशीचं प्लास्टर ठोकायला लागलो.

गाडी चढली. खाली फरशी नव्हती, त्यामुळे मी पाय वर धरून बसलो होतो आणि खालून पळणारा रस्ता मला स्वच्छ दिसत होता. दाराच्या भोकातून मामींच्या लुगड्याचा काठ बाहेर फडफडत होता. रोह्यात शिरलो तेव्हा पोरं मागं धावत होती. दादा फाटकाशी खुर्ची टाकून बसलेच होते. त्यांनी गाडी बघितली, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसणारे आम्ही दोघं बघितले आणि विचारलं, "भावोजी, रंगवायची राहिली काय?"

"व्हय," मामा म्हणाले. "घाईत निघालो."

मामींनी फाटकातच ओवाळलं. पाणी पिऊन झाल्यावर दादा म्हणाले, मला बसवा तिच्यात. मग त्यांना पुढं बसवलं, मामी माझ्या जागेवर मागं शिरल्या, आणि मामांनी त्या दोघा भावंडांना कुंडलिकेच्या काठानं लांबवर फिरवून आणलं. मी फाटकात उभा होतो. गाडी दिसायच्या आधी दादांचं हसू ऐकू आलं. उतरताना त्यांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

महिन्याभरात ते घर बंद झालं. पुण्याला दादा फार दिवस जगले नाहीत. मामी पुन्हा रोह्याला गेल्या नाहीत. गाडी मात्र मामांनी त्यानंतरही वापरली, तशीच, सांगाडा दिसणारी, खाली एक फळी टाकून. पेणच्या बाजारात ती सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. मी कितीदा म्हणालो, मामा, आता वेळ आहे, पुन्हा एकदा हात मारा, तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. ते हसून विषय टाळत. शेवटच्या आजारात एकदा पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी माझी हनुवटी धरली नाही, नुसतं खिडकीबाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बघत राहिले.

"ती पोचली ना वेळेत," ते म्हणाले. "आता आणि कुणासाठी करू?"

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मला ते फार आठवतात.