कुंकवाखालची हळद

माझ्या बाबाला अक्षरओळख नव्हती, पण अंतराचा अंदाज पक्का होता. बांधापासून आंब्यापर्यंत किती पावलं, आंब्यापासून ओढ्यापर्यंत किती, ओढ्यापलीकडच्या उतारावरच्या हेद्याच्या झाडापर्यंत किती, हे तो बसल्या जागी सांगायचा. पालेगावातल्या त्या शेतावर आज आमची बिल्डिंग उभी आहे. जमिनीच्या बदल्यात बिल्डरने फ्लॅट दिला, त्यात सातव्या मजल्यावर मी आणि बाबा राहतो. आंबा गेला, ओढ्याचा नाला झाला, पलीकडचा उतार मात्र तसाच आहे. मला तो डोळ्यांसमोर नको होता. मी रस्त्याच्या बाजूचा फ्लॅट घेऊ म्हणून हट्ट धरला होता, पण बाबाने मागच्या बाजूचाच मागून घेतला. म्हातारा झाला तरी त्याचा हेका काही सुटत नाही.

त्याच्याकडे एकनळी बंदूक होती. परवाना पिकाच्या राखणीचा, म्हणजे भातात घुसणाऱ्या डुकरांपुरता. भेकराला हात लावायचा नाही हे त्याला माहीत होतं, गावाला माहीत होतं, आणि मटणाचे वाटे पळसाच्या पानात बांधून घरोघर पोचवणाऱ्या मलाही माहीत होतं. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. त्या शिकारीची बाजू आज मी घेत नाही. तेव्हा मात्र मला बापाचा भारी अभिमान होता. तो बार फुकट घालवत नाही, असं सगळे म्हणायचे.

परवान्यावर काडतुसं मोजकीच मिळत. म्हणून रिकामी झालेली काडतुसं उल्हासनगरात एक लेथवाला सिंधी शेठ चोरून पुन्हा भरून द्यायचा. एकदा मी बाबाबरोबर गेले होते. शेठने मशीनवरून मान न उचलताच विचारलं, "साईं, दूर का मारना है, या पास का?" जवळच्यासाठी छर्रे, म्हणजे शिशाचे दाणे. तीस-चाळीस पावलांपर्यंत ते एकत्र जातात, मग फाकतात. लांबच्यासाठी एकच जाड गोळी. "दूर के लिए छर्रा मत डालना," तो म्हणाला, "जानवर मरेगा नहीं, तड़पेगा." मी तेरा वर्षांची होते. त्याचं बोलणं मला तेव्हा मजेशीर वाटलं, घरी येईपर्यंत मी त्याची नक्कल करत होते.

भरलेली काडतुसं बाहेरून सगळी सारखी, हातात घेतली तरी सारखी. बाबाने स्वतःची खूण काढली होती. तोंडावरच्या मेणावर गोळीला कुंकवाचा ठिपका, छऱ्याला हळदीचा. कुंकू लांबचं, हळद जवळची. काडतुसं भाताच्या कोंड्यात, पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि निघताना ती लेकीच्या हातून घ्यायची, असा त्याचा नेम होता. अंगणातून तो नुसता ओरडायचा, "जवळचं दे" किंवा "लांबचं दे." आई त्या डब्याला शिवायची नाही.

त्या वर्षी दसऱ्याला आई बाजूला बसलेली होती. शस्त्रांची पूजा माझ्याकडे आली. मी कोयता, विळा, कुऱ्हाड, बंदूक पाटावर मांडली. डबा उघडून सातही काडतुसं एका ओळीत उभी केली आणि मोठ्या भक्तिभावाने प्रत्येकाला हळदही लावली, कुंकूही लावलं. आईने दारातून बघून छान केलंस म्हणून सांगितलं. बाबाने नमस्कार केला आणि तो गावात सोनं वाटायला गेला.

काय करून बसले ते मला संध्याकाळी डब्यात काडतुसं ठेवताना कळलं. बाबा मारणारा नव्हता, तरीही मी घाबरले, कारण त्याला माझं सगळं कौतुक त्या डब्यापायीच होतं. मी ओल्या फडक्याने सगळी पुसली. तीन कुंकवाची होती आणि चार हळदीची, एवढं पक्कं आठवत होतं. कोणती तीन, ते आठवत नव्हतं. मी अंदाजाने तीन काडतुसांना कुंकू लावलं, बाकीच्या चारांना हळद लावली आणि डबा बंद केला. तो अंदाज मला आयुष्यभर पुरला आहे.

पुढे चार-पाच दिवसांनी, उन्हं कलताना, पलीकडच्या उतारावर भेकर आलं. बाबा दबक्या आवाजात म्हणाला, "लांबची दोन दे." मी कुंकवाची दोन दिली. एक त्याने नळीत सारलं, एक खिशात टाकलं. तोंड उघडायला मला अंगणभर वेळ होता. मी गप्प राहिले. बांधावरून बार झाला, भेकर जागच्या जागी उडालं आणि झाडीत गेलं.

दोन दिवस माणसं शोधत होती. रक्ताचे थेंब ओढ्यापर्यंत जायचे आणि तिथे संपायचे. तिसऱ्या दिवशी बाबा एकटाच गेला. मी शाळेतून आले तेव्हा तो पाय धूत होता. मी विचारलं, "गावलं?" तो म्हणाला, "नाय गावलं. माझी नजर कमी झाली आता." महिन्याभरात त्याने बंदूक चौकीत जमा केली. गावाने त्याची यथेच्छ टर उडवली. भेकराला सलामी देऊन आला म्हणाले, चष्मा लाव म्हणाले. तोही हसायचा. मी घरात बसून ते ऐकायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तेव्हापासून ते भेकर माझ्यामागे आहे. पहाटे उतारावर कुठेही भुंकलं की मला वाटायचं तेच आहे, जखम घेऊन फिरतंय. लग्न होऊन बदलापूरला गेले, तिथेही ऐकू यायचं. नवरा म्हणायचा, कुत्रं आहे गं. तो गेल्यावर मी बाबाकडे राहायला आले. आता समोरच्या साइटवर खरोखरच कुत्री आहेत. तरी मी उठून गॅलरीत जाते, बघते, परत येते.

गेल्या महिन्यात बाबाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो काळा चष्मा लावून गॅलरीत चहा घेत होता. बोटाने उतार दाखवत म्हणाला, "हेदा दिसतो बघ. त्याच्या खालीच उभं व्हतं." आणि स्वतःशीच हसला. त्या हसण्याने माझा बांध फुटला.

"बाबा, तुझी नजर कमी नव्हती झाली. काडतूस छऱ्याचं होतं. मी दसऱ्याला खुणा पुसल्या होत्या."

त्याने चहाचा घोट घेतला. "मना म्हाइत हाय."

"कधीपासून?"

"बार काढला तवापासून. हेद्याची पानं झडली. एका गोळीनं अशी पानं झडतात व्हय? मंग खिशातलं दुसरं काढलं. नखानं कुंकू खरवडलं. खाली मेनात हळद मुरलेली."

तो पुढे म्हणाला, "आणि गावलं व्हतं. तिसऱ्या दिवशी. पाण्यात उभं व्हतं. दोन्ही डोळ्यांत दाणे गेलेले. माझ्या पायांचा आवाज आयकून मान वळवली, पन पळायचं कुठं ते त्याला कळंना. माझ्याकडं खिशातलं तेवढं एकच काडतूस. त्यात काय हाय म्हाइत नाय. मंग पार जवळ गेलो, नळी टेकवली. जवळून दोन्ही सारखीच." त्याने कप खाली ठेवला. "थितंच पुरलं. वाटा कुनाला दिला नाय."

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. तिसऱ्या दिवशीच संपलेल्या जनावराला मी सगळा जन्म पहाटे पहाटे ऐकत होते.

"मला नाही गावलं म्हणून का सांगितलंस? मी अजून त्याला शोधते, बाबा. रोज."

"दारात उभी व्हतीस. तोंड पांढरं पडलेलं. नाय बोलवलं." मग म्हणाला, "आणि तू तरी कदी सांगितलंस?"

खाली साइटवर मिक्सर सुरू झाला. बाबा उताराकडेच तोंड ठेवून म्हणाला,

"म्हनून तर मागचा फ्लॅट घेतला. म्हटलं, रोज समोर दिसंल. कदी तरी बोलशील."