पेल्यातली हळद

हळदकाकू माणसाकडे नंतर पाहायच्या, आधी त्याच्या हळदीकडे. पाण्याने भरलेला काचेचा पेला, त्यात चिमूटभर पूड, आणि मग हाताची घडी. कोणी पेल्याला हात लावायला गेलं की मनगटावर चापटी बसायची. "हलवू नोको. खरी असन तं आपल्यानं बसते खाली." पूड तळाशी बसली आणि वरचं पाणी फिकट राहिलं तर हळद चांगली. सगळा पेला पिवळाजर्द झाला तर पुडी परत. "होळीले ठेव हे."

अकोल्याच्या मसाल्याच्या गिरणीत त्या हळकुंडं निवडायच्या. मी तिथे मुकादम होतो. गिरणीतल्या बायांचं कोणाचं काही दुखलंखुपलं की त्या आधी काकूंकडे जायच्या. मुका मार लागला की हळदीचा गरम लेप, बोट कापलं की हळदीची चिमूट, खोकल्याला हळदीचं दूध. "त्यात मिरं टाकजो वं, नाही तं हळद पोटातून तशीच निंगून जाते." पण हळदीची तारीफही त्या मापातच करायच्या. एकीचा नवरा तापाने फणफणला होता आणि ती रोज त्याला हळद पाजत होती. काकू कडाडल्या, "हळदीनं सारंच होत असतं तं डाक्टर कायले शिकले असते? ने त्याले दवाखान्यात!"

एका लग्नसराईत धाकट्या शेठने किडकी हळकुंडं दळायला लावली आणि पुडीचा रंग उजळावा म्हणून कसलासा पिवळा रंग आणून दिला. तो मी मिसळला. माझ्या या हातांनी. नोकरी जाईल ही भीती होती, दुसरं कारण नाही. सकाळी काकूंनी पेला माझ्यासमोर धरला. पाणी पिवळंजर्द. "भाऊ, हे लग्नाले देऊ नोका." मी दिली.

चार दिवसांनी एका नवरीचे मामा गिरणीत आले. हळद लावल्यावर पोरीचं तोंड सुजलं होतं. धाकट्या शेठने सरळ काकूंकडे बोट केलं. "ही बाई झाडपाल्याची औषधं करते. हिनंच काही कालवलं असन. काय मुकादम?"

मी म्हणालो, "हो."

काकू रडल्या नाहीत. "भाऊ, तुमाले तं म्या दाखवलं होतं," एवढंच बोलल्या आणि पेला पदराखाली घेऊन गेल्या. त्या दिवसापासून गिरणीत त्यांचं नाव 'रंगवाली' पडलं.

त्या बडनेऱ्याला लेकीकडे राहिल्या आणि तिथून त्यांनी सूड उगवला. लग्न कोणाचंही असो, मांडवाच्या दारात काकू पेला घेऊन बसलेल्या. आमची पुडी दिसली की आधी पाण्यात. दोन-तीन लग्नसराईंत आमची हळद बडनेऱ्यात कोणी फुकटही घेईना. शेठ दात-ओठ खायचा. मी मान खाली घालून मनातल्या मनात खूश व्हायचो. भित्र्या माणसाची मजल तेवढीच.

मग माझ्या मुलीचं लग्न निघालं. हळद शेठकडून भेट आली होती. मी पुडी उघडून पाहिलीही नाही. पाहायची हिंमत नव्हती. बोलावणं नसताना काकू बडनेऱ्याहून आल्या. व्याह्यांसमोर पेला ठेवला. क्षणात पाणी पिवळं. "पोट्टीसाठी आली हावो, मुकादम. तुमच्यासाठी नाही." पदराची गाठ सोडून त्यांनी स्वतः कुटलेली हळद माझ्या बायकोच्या हातात दिली आणि ते पिवळं पाणी माझ्या पायांवर ओतलं. 'भाऊ' म्हणाल्या नाहीत. पुन्हा कधीच म्हणाल्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या, रंगवालीच राहून.

गेल्या महिन्यात शेठने अकोल्यात 'हळदीचे गुण' यावर व्याख्यान ठेवलं. आता म्हातारा झालाय, गळ्यात हार. हळदीने शुगर जाते, गुडघे जातात, सगळंच जातं म्हणे. दूध आणि मिरं सांगताना म्हणाला, "ही आमच्या आजीची शिकवण." मग जुना माणूस म्हणून शाल द्यायला मला वर बोलावलं. मी पिशवीत पेला घेऊनच गेलो होतो. टेबलावर ठेवला, पाणी ओतलं, त्याच्याच हळदीच्या पाकिटातली चिमूट टाकली.

हळद हळूहळू तळाशी बसली. पाणी फिकटच राहिलं.

आता त्याचा माल चोख आहे. शेठ माईकवर हसला, "पाहा, आमचे मुकादम अजून तपासून राहिले!" टाळ्या पडल्या. पाणी माझ्या वतीने बोलेल म्हणून आलो होतो. ते काही बोललं नाही. तेव्हा मलाच बोलावं लागलं. रंग कोणी आणला, कोणी मिसळला, सकाळी कोणी बजावलं होतं आणि "हो" कोण म्हणालं, सगळं. काकूंचं पूर्ण नाव घेऊन सांगितलं. दुसऱ्याच वाक्याला माईक बंद झाला. पण चाळीस वर्षं मी चक्क्यांच्या घरघरीवर ओरडून काढली आहेत; मला माईक लागत नाही.

शेठने चडफडत पेला उचलायला हात पुढे केला. मी त्याच्या मनगटावर चापटी मारली.

"हलवू नोको."