बागेबाहेरचा रस्ता

आज सकाळी सुलभाताई बागेच्या फाटकाशी क्षणभर थांबल्या आणि आत न जाता रस्त्यानेच पुढे निघाल्या. बागेत दिवसाढवळ्या दारू पिणाऱ्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून आमच्या कॉलनीची समिती त्यांनीच उभी केली होती. गेल्या बैठकीला पोलीस चौकीतले साहेब आले, तेव्हा स्पष्ट बोलल्या त्या एकट्याच. "तुमचं नाव बाहेर जाणार नाही," असं साहेब म्हणाले होते.

दुसऱ्याच दिवशी बागेतल्या बाकावरून एक जण अदबीने उठला. "या ना सुलभाताई. साहेबांकडे आमची आठवण काढलीत म्हणे."

एवढंच. त्यात धमकी म्हणावी असं काही नव्हतं, त्यामुळे तक्रारही करता येईना. समितीच्या बैठका अजून होतात, चहा येतो, आम्ही माना डोलावतो. शेजार म्हणजे पाठीशी उभं राहणं, असं मी समजत होते. पण भीती आपसांत वाटून घेता येत नाही. ती ज्याची त्यालाच भोगावी लागते.

मी झपझप चालत त्यांना गाठलं. म्हटलं, "उद्या आपण दोघी मिळून आत जाऊ."

"उद्या याल हो तुम्ही," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि परवा?"

आम्ही रस्त्याच्या कडेने चालत राहिलो.